मास्तरांचं पाणी

“याला आधी हात कुणी लावला?”

बिघडलेलं कुठलंही यंत्र पुढ्यात आलं की मास्तरांचा पहिला प्रश्न हाच. यंत्राकडे ते बघतसुद्धा नसत. चष्मा कपाळावर सरकवून आणणाऱ्याच्या बोटांकडे बघत. तो बिचारा म्हणे, “कुणीच नाही हो.” मग खालचा ओठ पुढे काढून मास्तर म्हणत, “म्हणजे तूच.”

गेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये, असं मला मनापासून वाटतं. मला एकूणच पुष्कळ गोष्टींचं वाईट वाटतं. एसटीत बसायला जागा मिळाली, तर शेजारी उभ्या असलेल्या माणसाची माफी मागितल्यासारखा चेहरा करून मी बसतो, असं माझी बायको म्हणते. तेव्हा हे लिहितानाही मला अपराधी वाटणार, हे धरून चालतो आणि सांगतो. मास्तर मला आवडत नसत. तुम्हालाही आवडले नसते. त्यांचं नाव लिहीत नाही. रत्नागिरीत ज्यांच्या घरी त्या काळात रेडिओ होता, त्यांना ते न सांगता कळेल, कारण त्यांचा अपमान एकदा तरी झालेला असेल.

ते एका तंत्रशाळेत वायरमनचा वर्ग घेत. संध्याकाळी घरच्या ओसरीवर दुरुस्त्या करत. घर मिरकरवाड्याच्या उतारावर. बुटके, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाहीचा शर्ट, आणि खिशाला लोक पेन लावतात तसा टेस्टर लावलेला. गावातल्या इतर दुरुस्तीवाल्यांची कामं ते उघडून बघत आणि सोल्डरिंगच्या प्रत्येक ठिपक्यावर शेरा मारत. “हा डाग दिलाय? मला वाटलं पालीने घाण केली.” कुणी भीतभीत सांगितलं की मुंबईला दुरुस्त करून आणलाय, तर म्हणत, “मुंबईला? मग आणलात कशाला? तिथेच ठेवायचा.”

माझा त्यांच्याशी संबंध आला तो रेकॉर्ड प्लेअरमुळे.

आम्ही काही जण दर शनिवारी संध्याकाळी मिरजोळ्याला जमून गाणी ऐकत असू. तिथल्या औद्योगिक वसाहतीत आमच्यातल्या एकाची काजूची शेड होती. त्याला आम्ही शेट म्हणत असू. शेडच्या मागच्या खोलीत काजूच्या पोत्यांवर बसून आम्ही माना डोलवायचो. टरफलांच्या तेलाचा वास नाकात बसलेला असायचा. आजही चांगलं गाणं कानावर पडलं की मला तो वास येतो. शेटचा मेव्हणा जहाजावर होता. त्याने परदेशातून आणलेला जुना, लाकडी पेटीतला, व्हॉल्व्हचा रेकॉर्ड प्लेअर ही आमच्या मंडळाची सगळी संपत्ती. मी मंडळाचा चिटणीस, म्हणजे खोलीची किल्ली माझ्याकडे आणि बिघाड झाला की मास्तरांच्या शिव्याही माझ्याकडे.

मास्तरांना गाण्यातलं काही कळत होतं का, मला शंका आहे. ते आमच्यात बसत ते पेटीकडे तोंड करून. कधी “वा” नाही, कधी ताल नाही. कुणी फार रंगात आलं तर म्हणत, “गाणं काय ऐकता? गाणं थांबतं तेव्हा मशीन कसं गप्प बसतं ते ऐका.” पण दुसरा कोणी जाणकार नव्हता. आणि या पेटीवाचून त्यांना आमच्यात कुणी बसवून घेतलं नसतं, हे त्यांनाही माहीत होतं.

एका पौषात तबकडी हळू फिरायला लागली. गायिकेचा पुरुष झाला आणि पुरुषाचा रेडा. मास्तर आले, तबकडी उचलली, खालच्या मोटरच्या दांड्याला बोट लावून ते नाकाशी नेलं.

“खोबरेल.”

शेट मान खाली घालून बसले होते.

“शेट, केसांना लावलंत ते उरलं होतं काय?”

“आवाज करी हो मास्तर. कुरकुर करी. म्हटलं वाईच तेल सोडूया.”

“तुमच्या डोक्यातलं गोठत नाही का थंडीत? तसंच इथे गोठलंय. डोकं काय आणि मोटर काय, तुमच्यापाशी दोन्हीची सारखीच गत.”

कोकणात कुरकुरणाऱ्या प्रत्येक गोष्टीला खोबरेल लावतात. दाराची बिजागरी असो, शिवणयंत्र असो, लहान मूल असो. शेटचं काही जगावेगळं चुकलं नव्हतं. पण पुढे कित्येक शनिवार मास्तर खोलीत शिरताना पायरीवर थांबून हुंगायचे आणि म्हणायचे, “आज कशाला लावलंत?” शेट स्वतःच्या शेडमध्ये चोरासारखे बसायचे. स्वतःच्या नसलेल्या जागेत दुसऱ्याला चोर करून ठेवण्याची ही मास्तरांची विद्या.

मग ते घूं सुरू झालं.

नुसतं बटण दाबलं, तबकडी फिरायच्या आधीच, कर्ण्यातून घूं यायला लागे. गाणं सुरू झालं की ते दबून राही. पण गाणारा जिथे थांबतो, श्वास घेतो, पुढच्या सुराकडे बघतो, तिथे ते बरोबर वर येई. ऐकणाऱ्यांना विचारा, गाण्यात सगळं काही त्या थांबण्यातच असतं. आमचं तेच गेलं.

शेट वार्षिक सभेत म्हणाले, “हे खोकं आता काढूया. कॅसेटचा डेक आनू. माझा पुतण्या बोलतो, सुई नको, तेल नको, कटकट नको.” कॅसेटचे दिवस आलेच होते. हॉटेलांत, रिक्षांत कॅसेट वाजत होत्या. कुणाकुणाच्या कौलांवर टीव्हीच्या काड्या उभ्या राहू लागल्या होत्या. बहुतेकांनी माना डोलावल्या.

मास्तर उभे राहिले. “फितीवरचं गाणं म्हणजे डब्यातले मासे. घूं मी काढून देतो. नाही निघालं तर पेटी विका, आणि मला इथे पाऊल टाकू देऊ नका.”

कुणी म्हणालं नव्हतं. त्यांनीच स्वतःला पैजेला लावलं.

पुढचे महिने त्यांनी आमचा जीव खाल्ला. व्हॉल्व्ह बदलले. पिकअपच्या बारीक तारा बदलल्या. भिंतीतलं वायरिंग करणाऱ्याचा उद्धार झाला. पेटी कोणकोण पुसतं याची चौकशी झाली. माझी बोटं बघून ते म्हणाले, “कारकुनी बोटं. कागद सोडून कशाला लावू नका.” शेवटी एका शनिवारी, पाऊस नुकता लागला होता, त्यांनी पेटीतून बोटाएवढा एक कंडेन्सर उपटून काढला. त्याचं बूड फुगलंय, असं त्यांचं म्हणणं. गारुड्याने साप दाखवावा तसा तो त्यांनी प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून फिरवला. “हा चोर. हात लावून बघा. बघा म्हणतो ना!” आम्ही सगळ्यांनी आळीपाळीने त्या मेलेल्या वस्तूला हात लावला. नवा बसवला. बटण दाबलं. एकदम शांत.

मास्तर म्हणाले, “सत्कारबित्कार काही नको.” सत्काराचा विषय कुणी काढलेलाच नव्हता.

पावसाळाभर पेटी गप्प राहिली. दिवाळी गेली. आणि शिमग्याच्या सुमारास, पालख्या नाचायला लागल्या तेव्हा, घूं परत आलं.

“हात कुणी लावला?”

कुणीच लावला नव्हता. मास्तर पेटी घरी घेऊन गेले. घरी गप्प. मिरजोळ्याला आणली की घूं. परत घरी नेली. परत गप्प. सायकलच्या कॅरिअरला चादरीत गुंडाळलेली पेटी बांधून हा माणूस उन्हातून ये-जा करायचा आणि आमच्या पोटात, खरं सांगतो, गुदगुल्या व्हायच्या. शेटनी खोबरेलाचं उट्टं काढलं.

“मास्तर, पेटी सासरी नांदत नाय वाटतं. माहेरची ओढ लागली तिला.”

आम्ही हसलो. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी पेटी पुन्हा चादरीत बांधली आणि निघून गेले. पाठमोरे जाताना त्यांच्या इस्त्रीच्या शर्टावर पाठीमागे घामाचा मोठा ओला नकाशा होता. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटूनही मी हसत होतो.

त्यानंतर ते बरेच दिवस आले नाहीत. पेटी त्यांच्याकडेच. मग एके दिवशी कचेरीत येऊन त्यांनी माझ्या टेबलावर टेस्टरने टकटक केलं. “किल्ली द्या. शनिवारी मी आधी जाऊन मशीन तापवून ठेवणार.”

“तापवून?”

“व्हॉल्व्हचं मशीन आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

त्या शनिवारी आम्ही पोचलो तेव्हा पेटी लागलेली होती आणि कर्ण्यातून काही म्हणजे काही येत नव्हतं. “आत आणखी एक कंडेन्सर लपला होता,” मास्तर म्हणाले. “बदलला.” त्यांनी तो दाखवला मात्र नाही. डेकचा विषय शेटनी गिळून टाकला. मास्तर पुन्हा पेटीसमोर आपल्या जागी बसले आणि आम्ही पुन्हा मूर्ख ठरलो.

तेव्हापासून एक नवी गोष्ट दिसायला लागली. मास्तरांच्या सायकलच्या हँडलला एक झाकणाचा डबा लटकायला लागला. येताना भरलेला. आम्ही पोचेपर्यंत तो रिकामा होऊन मागच्या दाराशी उपडा ठेवलेला असे.

आता पाण्याबद्दल सांगायला हवं. उन्हाळ्यात मिरजोळ्याच्या त्या भागात संध्याकाळी नळाला पाणी नसे. आमच्यात हायस्कुलातले एक शिक्षक होते. त्यांना सगळे सर म्हणत. ते जवळच राहत. खोलीत माठ ठेवण्याची कल्पना त्यांचीच, माठही त्यांचाच. दर शनिवारी घरून कळशी आणून तो भरायचा, आल्यागेल्याला पेला पुढे करायचा, हे त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. सर आतल्या गावातले, बौद्ध. त्यांचे वडील गावात ओंजळ धरून, वरून ओतलेलं पाणी प्यायलेले होते. हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितलं होतं, तेही गाण्याची बाजू उलटता उलटता, सहज सांगावं तसं.

एका शनिवारी उकाड्याने माणसं शिजत होती. मास्तरांच्या कपाळावरून घाम चष्म्यावर टपकत होता. सरांनी पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

“घ्या, मास्तर. ऊन केवढं आहे.”

“नको.”

“अहो, घोटभर तरी.”

“नको म्हटलं ना.”

शेटनी मागच्या दाराकडे बोट केलं. “मग तो डबा कसला रोज?”

मास्तरांनी डब्याकडे बघितलं. मग पेटीकडे बघितलं. मग आम्हा सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. मला वाटलं, ते काहीतरी सांगणार आहेत. ओठ हललेसुद्धा. आणि मग तो खालचा ओठ पुढे आला.

“माझं पाणी मी आणतो.”

सरांनी पेला खाली ठेवला नाही, माठात परत ओतलाही नाही. तिथेच उभं राहून ते पाणी ते स्वतः प्यायले, अगदी सगळं. मग पेला पुसून जागेवर ठेवला.

त्या रात्री घरी जाताना मी सरांबरोबर त्यांच्या वळणापर्यंत गेलो. “सर, तुम्ही यायचं थांबवू नका,” एवढंच म्हणालो.

“मी कशाला थांबवू?” ते म्हणाले. “मी गाणं ऐकायला येतो. त्याचं तोंड बघायला येत नाही.”

आयुष्यात कुणाला अरे-तुरे न करणारे सर त्या दिवशी “त्याचं” म्हणाले.

पुढचे सगळे शनिवार सर आले, माठ भरत राहिले, सगळ्यांना पाणी देत राहिले. मास्तरांजवळ आले की पेला त्यांना वळसा घालून पुढच्या माणसाकडे जाई. मास्तर पेटीकडे बघत बसलेले असत. माणूस शिकलेला, पोरांना शिकवणारा, आणि डब्यात सोवळं घेऊन फिरतो, या विचाराने मला त्यांची किळस यायला लागली. त्यांची नक्कल करण्यात मी पटाईत झालो. ते नसताना रिकामा डबा हातात धरून, ओठ पुढे काढून मी खोलीत शिरायचो आणि सगळे हसायचे. सर हसत नसत.

मास्तर एका वैशाखात गेले. मुतखड्याचं दुखणं जुनंच होतं, ते वाढत जाऊन मूत्रपिंडावर आलं. शोकसभा घ्यावी की नाही यावर आमच्यात कुजबूज झाली. शेवटी शेट म्हणाले, “काय असेल ता असो, पेटी त्यांनी राखली.” मास्तरांच्या पत्नीला, काकूंना, बोलवायला चिटणीस म्हणून मी गेलो.

काकू मागच्या पडवीत आमसुलांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या. हात मनगटापर्यंत लाल. मी सभेचं सांगितलं तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

“त्यांच्यासाठी सभा? कोण येणार?”

“असं काय म्हणता, काकू?”

“अहो, मी संसार केलाय त्यांच्याशी.” आणि हसल्या. मग मनगटाने डोळे पुसले, तेव्हा गालाला लाल लागलं. “त्या तुमच्या पेटीने फार छळलं हो त्यांना. इथे आणली की गप्प, तिकडे नेली की बोंब. जेवण जाईना. त्यात माझ्या भाच्याचं लग्न निघालं मालगुंडला. मी गेले, राहिले चांगली. परत आले तर हे ओसरीवर बसलेले, दाढी वाढलेली, आणि पुढ्यात पेटी घूं घूं करतेय. मी म्हटलं, ही काय माझ्यासाठी रडतेय? तर मला पिशवीपण खाली ठेवू देईनात. म्हणाले, मोरीत पाणी ओत. बादलीभर ओत. मी ओतलं. बघते तर पेटी गप्प.”

“पाण्याने?”

“तिथे मोरीच्या बाहेर अर्थिंगची नळी पुरलेली आहे ना. रोजचं धुणं-भांडी, पाणी तिथेच जातं, ओल हटत नाही. मी नव्हते, हे खानावळीत जेवत होते. मोरी खडखडीत. जमीन सुकली की ती अर्थिंग काही कामाची राहत नाही म्हणे, आणि आवाज पेटीत शिरतो. तुमचं मिरजोळं तर सगळा कातळ. पावसात ओल असते तोवर ठीक. मग आहेच.”

पावसाळाभर गप्प राहिलेली पेटी. शिमग्याला परत आलेलं घूं. इतकी सरळ गोष्ट होती.

“मला म्हणाले, पोरांना वर्गात पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो. आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कंडेन्सर नाचवून बसलोय. आता कसं सांगू? मी म्हटलं, सांगा की, चुकलं म्हणा. तर माझ्यावरच ओरडले. दुसऱ्या दिवशी माझा रॉकेलचा जुना डबा घासूनपुसून घेतला. दर शनिवारी पाणी भरून न्यायचे. तिथे शेडमागे नळीपाशी ओतायचे, तुम्ही यायच्या आत.”

मला तेव्हा गप्प राहता आलं असतं. पण तोंडून निघून गेलं. “काकू, आम्हाला वाटलं, ते पाणी प्यायला आणतात.”

“हे? पाणी?” त्या मोठ्याने हसल्या. “अहो, चहावर जगलेला माणूस. पाणी प्या, पाणी प्या म्हणून मी डोकं फोडलं, डॉक्टरांनी फोडलं. घोटभर प्याले असते तर आज…”

मग मी सगळं सांगितलं. सर, माठ, पेला, आणि मास्तरांचं ते वाक्य. सर कोण, कुठले, हेही सांगितलं. काकूंच्या हातातला रातांबा तसाच राहिला.

“असं म्हणाले? सगळ्यांदेखत?”

“हो.”

“मिरकरवाड्यात बोटींवरचे रेडिओ बघायला जायचे, तर तिथेच खलाशांच्या ताटात जेवून यायचे. मी आंघोळ करायला लावायचे.” त्यांनी हातातला रातांबा खाली ठेवला. “खोटं कशाला बोलू? पाळत होते ती मी. हे नव्हते पाळत. चुकलो म्हणायचं नव्हतं, म्हणून हे म्हणाले. काय माणूस तरी.”

मी उठलो. त्या म्हणाल्या, “तुम्ही कुणाला काही बोलू नका. मी येते शनिवारी.”

त्या शनिवारी काकू आल्या तेव्हा त्यांच्या हातात डबा होता. मास्तरांचा. रिकामा. शेटनी भिंतीशी टेबल मांडून मास्तरांचा एक जुना फोटो ठेवला होता, त्यातही ओठ पुढेच होता. शेट चार शब्द बोलले. “मास्तर होते म्हनून पेटी होती,” म्हणाले आणि मला खूण केली. मी तबकडी लावून बटण दाबलं.

घूं.

मास्तर अंथरुणाला खिळल्यापासून आमची बैठक बसली नव्हती, आणि शेडमागे पाणीही पडलं नव्हतं. गाणं सुरू झालं, गायक पहिल्यांदा थांबला, आणि त्या थांबण्यात घूं भरून राहिलं. सगळे चुळबुळले. कुणीतरी म्हणालं, “बघा, मास्तर गेले आणि पेटीपण गेली.” शेटनी सुस्कारा सोडला. त्याच सुस्काऱ्यात डेक होता, हे मला कळलं.

काकू सतरंजीवरून उठल्या. मला वाटलं, त्या गुपचूप मागच्या दाराने जातील. त्या सरळ माठापाशी गेल्या. सर तिथे बसले होते. ते गडबडीने उभे राहिले.

“सर तुम्हीच ना? या डब्यात पाणी द्या.”

सरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. “प्यायला?” त्यांनी विचारलं. आवाज फार सभ्य होता.

“नाही. प्यायला कधीच नव्हतं ते.” मग त्या आमच्याकडे वळल्या. गाणं चालूच होतं, म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागलं. “कंडेन्सर वगैरे काही नव्हता. मागच्या अर्थिंगची जमीन सुकते, म्हणून हा आवाज येतो. ह्यांना ते उशिरा कळलं. चुकलं होतं त्यांचं. चुकलं म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून दर शनिवारी डबाभर पाणी आणून तिथे ओतत होते. तुम्हाला जे सांगितलं ते खोटं सांगितलं.”

नवऱ्याने जन्मभर जे वाक्य टाळलं, ते त्यांनी त्याच्या फोटोसमोर उभं राहून उच्चारलं.

शेट तोंड उघडं टाकून बसले होते. “म्हंजे… तो कंडेन्सर आम्ही हात लावून बघितला, तो…?”

“चांगला होता,” मी म्हणालो.

आधी शेट हसले. मग एकेक करून सगळेच. शोकसभेत आम्ही पोटं धरून हसत होतो. इतकी वर्षं त्यांच्या पाठीमागे हसलो, तोंडावर हसायची छाती कधी झाली नव्हती. काकूही पदराने तोंड दाबून हसत होत्या. मला सवयीप्रमाणे वाईट वाटलं, पण त्या दिवशी ते फार वेळ टिकलं नाही.

सर हसले नाहीत. ते काकूंच्या हातातल्या डब्याकडे बघत होते.

“डब्याने काय होणार, वहिनी?” ते म्हणाले. त्यांनी माठच उचलला, छातीशी धरला आणि मागच्या दाराने बाहेर गेले. काकू त्यांच्यामागून गेल्या. “जरा पलीकडे… नळी दिसली का?” असं त्यांचं बोलणं ऐकू आलं. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. तापलेल्या कातळाचा ओला वास खोलीत शिरला.

घूं एकदम गेलं नाही. आधी बारीक झालं, मग दूर गेल्यासारखं झालं, आणि एकदा गायक थांबला तेव्हा त्या थांबण्यात काहीच नव्हतं.

काकू आत येऊन आपल्या जागी बसल्या. सरांनी रिकामा माठ तिवईवर ठेवला, शर्टाची ओली बाजू झटकली आणि माझ्या शेजारच्या पोत्यावर टेकले.

“एक शब्द सांगायला काय झालं होतं त्याला?” ते माझ्या कानाशी म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, आणि तो रागाने थरथरत होता याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. “एक शब्द. नालायक माणूस.”

“नालायकच,” मी म्हणालो.

मग बाजू संपली, आणि ती उलटायला मी उठलो.